लढाईच्या दिवसांतील पुण्याचा हंगाम



वसमतच्या एका सेवानिवृत्त मास्तरानें पुण्याच्या क्रिकेटवर भाषण करावें, हें ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस नवल वाटेल. आमचें गांव हळदीच्या बाजाराचें. येथें भाव, तोल, हमाली आणि पाऊसपाणी यांवर बोलणारीं माणसें पैशाला पासरी मिळतील. खेळावर बोलणारें कोणी सहसा भेटत नाहीं. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि खेळांतील माझा अधिकार शाळेच्या पटांगणावर चुन्याच्या रेघा आंखण्यापुरता. असें असूनही हा विषय मीं मागून घेतला, याला कारण एक वही आहे.

ही वही माझ्या थोरल्या मामांची. दोनशें पानांची, जाड पुठ्ठ्याची. कडा पिवळ्या पडलेल्या. जुना कागद पिवळा पडतोच, परंतु या वहीचा पिवळेपणा कागदाचा नव्हे, हळदीचा आहे. तो कसा लागला तें पुढें येईल. वहीच्या पहिल्या चाळीस पानांवर तर्कशास्त्राचीं टिपणें आहेत. एकेचाळिसाव्या पानापासून तर्कशास्त्र संपतें आणि धांवा सुरू होतात.

मामा १९४० च्या जून महिन्यांत पुण्यास शिकावयास गेले. त्या वेळीं आमचें वसमत निजामाच्या राज्यांत, परभणी जिल्ह्यांत होतें. सरकारी शाळांतून वरच्या वर्गांचें शिक्षण उर्दूंत चाले, आणि १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांतही माध्यम उर्दूच होतें. १९३८ सालीं वंदे मातरम् म्हणण्यावरून औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनीं चळवळ केली. पुष्कळांचीं नांवें विद्यापीठांतून कमी झालीं व त्यांतील अनेकांस नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. तेव्हांपासून आमच्या भागांतील ज्या घरांत दोन पैसे होते, तीं घरें मुलाला राज्याच्या बाहेर धाडण्याचा विचार करूं लागलीं. आजोबांनीं पुणें निवडलें. पूर्णा, मनमाड, दौंड अशा गाड्या बदलीत मामा पुण्यास पोंचले व सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत त्यांनीं नांव घातलें.

मुलाला पुण्यास ठेवणें म्हणजे काय, हें आजच्या पालकांस कळावें म्हणून एक हिशेब सांगतों. निजामाच्या राज्यांत चलन हाली शिक्क्याचें. पुण्यास चालणार कलदार रुपया. शंभर कलदार पाठवावयाचे तर एकशें सोळा हाली आणि वर कांहीं आणे मोजावे लागत. म्हणजे मुलगा पुण्यास एक पुस्तक विकत घेई, तेव्हां वसमतला बापाच्या खिशांतून पुस्तकाची किंमत जाऊन शिवाय तिचा सहावा हिस्सा जाई. आजोबा हा सहावा हिस्सा वेगळ्या रकान्यांत मांडीत. त्या रकान्याचें नांव त्यांनीं ‘पुण्याचें पुण्य’ असें ठेविलें होतें. त्यांत विनोद किती व चीड किती, हें मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.

आतां त्या काळच्या जगाकडे पाहूं. १९३९ च्या ३ सप्टेंबरला इंग्लंडनें जर्मनीशीं युद्ध पुकारलें व त्याच दिवशीं व्हाइसरॉयांनीं हिंदुस्थानही युद्धांत असल्याचें जाहीर केलें. येथील कोणासही विचारलें नाहीं. त्या हिवाळ्यांत एम्. सी. सी. चा संघ हिंदुस्थानांत यावयाचा होता, तो दौरा रद्द झाला. इंग्लंडांतील परगण्यांची स्पर्धा १९४० पासून १९४५ पर्यंत बंद पडली. लॉर्ड्सवर अवघे एक-दोन दिवसांचे सामने होत राहिले. हिंदुस्थानांत मात्र रणजी करंडकाची स्पर्धा लढाईच्या एकाही वर्षीं थांबली नाहीं. जगांतल्या बहुतेक मैदानांवर शुकशुकाट असतांना पुणें, मुंबई, बडोदें आणि इंदूर येथें धांवांचे डोंगर उभे राहत होते. यांत अभिमान बाळगावा कीं संकोच करावा, हा प्रश्न तेव्हांही विचारला गेला आणि आमच्या घरांतही विचारला गेला.

या काळांत महाराष्ट्राच्या संघाचे कप्तान प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर हे होते. जन्म पुण्याचा, १४ जानेवारी १८९२ चा. सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत ते संस्कृत शिकवीत. हें महाविद्यालय शिक्षण प्रसारक मंडळीनें १९१६ सालीं न्यू पूना कॉलेज या नांवानें काढलें होतें. १९२६ च्या डिसेंबरांत गिलिगन यांचा एम्. सी. सी. चा संघ मुंबईस आला, तेव्हां अखिल हिंदुस्थानच्या बाजूनें देवधरांनीं १४८ धांवा काढल्या. हिंदुस्थानला कसोटी सामन्याचा मान मिळण्यास ज्या कांहीं खेळी कारण झाल्या, त्यांत ही एक मोठी होती. परंतु पहिला कसोटी सामना १९३२ सालीं झाला, तेव्हां देवधर चाळिशीला पोंचले होते आणि त्यांच्या वांट्याला तो आला नाहीं. पुढेंही कधीं आला नाहीं. ज्यानें दार उघडावयास हात लावला त्यालाच बाहेर राहावें लागलें. याविषयीं त्यांना काय वाटत असेल तें वाटो. त्यांनीं आपली सारी विद्या महाराष्ट्राच्या संघाला दिली, आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या कारकीर्दीचा खरा हंगाम सुरू झाला.

येथें एक गंमत सांगितली पाहिजे. मामा त्याच महाविद्यालयांत असूनही देवधरांच्या वर्गांत एक दिवसही बसले नाहींत. शाळा उर्दूंत झालेली. दुसरी भाषा फारसी. त्यामुळें संस्कृताच्या वर्गांत शिरण्याची सोय नव्हती. जिन्यांत किंवा आवारांत ते दिसले तर नमस्कार करावयाचा, एवढाच संबंध. ‘मीं देवधरांपाशीं जें शिकलों तें सीमारेषेच्या बाहेर बसून शिकलों,’ असें मामा म्हणत.

मामा पुण्यास जाण्याच्या आधींच्या हंगामांत, म्हणजे १९३९-४० सालीं, महाराष्ट्रानें रणजी करंडक पहिल्यानें जिंकला होता. त्या हंगामांतील बडोद्याविरुद्धचा पुण्याचा सामना आजही सांगण्यासारखा आहे. सांगलीचे विजय हजारे यांनीं नाबाद ३१६ धांवा केल्या. रणजी स्पर्धेंतील हें पहिलें त्रिशतक. नवव्या जोडीला त्यांच्यासमवेत नगरवाला हे खेळत होते. या दोघांनीं २४५ धांवांची भर घातली आणि नगरवाला ९८ वर बाद झाले. आठ गडी गेल्यावर जो डाव एरव्ही आटोपता घ्यावयाचा, तेथें नवव्या जोडीनें प्रतिपक्षाला दमवून टाकावें, हें देवधरांच्या शिकवणुकीचें फळ होतें असें मला वाटतें. अंतिम सामन्यांत पुण्यास महाराष्ट्रानें संयुक्त प्रांतावर दहा गडी राखून विजय मिळविला.

या दोन नांवांकडे पुन्हां पाहावें. हजारे ख्रिस्ती, नगरवाला पारशी, कप्तान ब्राह्मण प्राध्यापक. संघ प्रांताचा होता. जातीचा किंवा धर्माचा नव्हता. त्याच वेळीं मुंबईस जी सर्वांत मोठी स्पर्धा भरे, ती पंचरंगी. तींत हिंदूंचा संघ, मुसलमानांचा संघ, पारशांचा, युरोपियनांचा, आणि ज्यांना कोठेंच जागा नाहीं अशांचा एक ‘अवशिष्ट’ संघ. रणजी सामन्याला जेथें तुरळक माणसें जमत, तेथें पंचरंगीला मुंबईचें ब्रेबोर्न स्टेडियम फुलून जाई. हजाऱ्यांसारखा खेळाडू महाराष्ट्राकडून खेळतांना महाराष्ट्रीय असे आणि मुंबईस गेला कीं ‘अवशिष्ट’ होई.

मामांचें पुण्यांतील पहिलें वर्ष आणि हा वाद एकाच वेळीं पेटले. १९४० च्या १७ ऑक्टोबरला विनोबांनीं पवनार येथें वैयक्तिक सत्याग्रह आरंभिला. पुढारी एकामागून एक तुरुंगांत जाऊं लागले. डिसेंबरांत मुंबईच्या हिंदु जिमखान्याचें शिष्टमंडळ वर्ध्यास गांधीजींकडे गेलें व पंचरंगीविषयीं त्यांनीं सल्ला विचारला. गांधीजींचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, युरोपांत माणसें मरत असतां आणि येथें थोर माणसें तुरुंगांत असतां हा करमणुकीचा सोहळा बंद ठेवावा असें ज्यांना वाटतें, त्यांच्याशीं आपण सहमत आहों. पुढें ते म्हणाले कीं, महाविद्यालयांतील किंवा संस्थांतील सामने समजूं शकतात, परंतु हिंदू, पारशी, मुसलमान असे धर्मवार संघ कशासाठीं, हें आपणांस कधींच उमगलें नाहीं. त्या वर्षीं हिंदूंचा संघ पंचरंगींत उतरला नाहीं. स्पर्धा मात्र त्यानंतरही कांहीं वर्षें चालली आणि १९४६ सालीं कायमची बंद झाली.

गांधीजींचें हें मत वर्तमानपत्रांत आलें, आणि चार दिवस शिळें होऊन तें वर्तमानपत्र वसमतला आलें. आजोबांनीं तें वाचलें. दुर्दैवानें त्याच सुमारास मामांचें एक पत्रही आलें. त्यांत प्रकृतीचें चार ओळींत, अभ्यासाचें दोन ओळींत, आणि मुंबई-महाराष्ट्र सामन्याचें अडीच पानें वर्णन होतें.

तो सामना होताच तसा. १९४०-४१ च्या हंगामांत पुण्यास महाराष्ट्राची गांठ मुंबईशीं पडली. महाराष्ट्रानें ६७५ धांवा केल्या. त्यांत देवधरांच्या २४६. वयाचीं अठ्ठेचाळीस वर्षें पुरीं झालेला, घरीं लग्नाच्या मुली असलेला, महाविद्यालयांत कालिदास-भवभूति शिकविणारा गृहस्थ मुंबईच्या गोलंदाजांपुढें उभा राहिला आणि अडीचशेंच्या उंबरठ्यावर जाऊन थांबला. मामांनीं पत्रांत लिहिलें होतें कीं, पळतांना त्यांचें वय दिसत नाहीं. एक धांव संपल्यावर दुसरीचा विचार करतांना तेवढें किंचित् दिसतें. तरुण जोडीदाराला हा प्राध्यापक हांक मारून दुसऱ्या धांवेस बोलावी, तेव्हां प्रेक्षकांत बसलेल्या महाविद्यालयांतील मुलांत हशा पिके. वर्गांतही हांक मारून उठविणें हेंच तर त्यांचें काम, असें मुलें म्हणत.

मग मुंबई खेळावयास आली. रणजीचा नियम असा कीं, सामना पुरा झाला नाहीं तर पहिल्या डावांत ज्याच्या धांवा अधिक, तो पुढें जाईल. तेव्हां मुंबईला ६७६ हव्या होत्या. आकडा पाहून कोणी आशा सोडली असती. मुंबईनें सोडली नाहीं. खंडू रांगणेकर यांनीं २०२ धांवा केल्या. मुंबईचा डाव लांबत गेला, चारशें झाल्या, पांचशें झाल्या, सहाशें झाल्या. मामांच्या वहींत या ठिकाणीं अक्षर बिघडलेलें आहे. एरव्ही त्यांचें अक्षर मोत्यासारखें. येथें मात्र आकडे रकान्याबाहेर गेले आहेत. शेवटीं मुंबईचा डाव ६५० वर आटोपला. दोन डाव, वीस गडी, १३२५ धांवा, आणि अंतर अवघें पंचवीस धांवांचें. महाराष्ट्र पुढें गेला.

सामना चालूं होता तितके दिवस मामा वर्गांत गेले नाहींत. तर्कशास्त्राचीं टिपणें कोठें संपतात तें मीं आरंभीं सांगितलेंच आहे.

आजोबांचें उत्तर एका कार्डावर आलें. तें कार्ड वहींत अजून आहे. त्याचा आशय असा: जगाला आग लागली आहे, विनोबांसारखा माणूस तुरुंगांत आहे, आपल्या राज्यांत तोंड उघडण्याची सोय नाहीं, येथें शंभराला एकशें सोळा मोजून मी तुला माणूस करावयास पाठविलें, तें दुसरीं माणसें चेंडू मारतात हें पाहावयास नव्हे. पंचरंगीवर महात्माजींचें मत वाचावें. पैसे या महिन्यास उशिरा येतील.

मामा उत्तरांत भांडले. हा पंचरंगीचा सामना नव्हे, येथें धर्म कोणी विचारीत नाहीं, आणि महात्माजींनीं महाविद्यालयांच्या सामन्यांस दोष दिलेला नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद होता. तर्कशास्त्राचा तेवढा एक उपयोग झाला म्हणावयाचा. परंतु आजोबांचा मुद्दा धर्माचा नव्हताच, आगीचा होता. त्या मुद्द्याला मामांच्या पत्रांत उत्तर नाहीं. मीं तें पत्र अनेकदां वाचलें आहे आणि दर वेळीं मला वाटत आलें आहे कीं, आजोबांचा प्रश्न योग्य होता. मात्र त्यांनीं तो चुकीच्या माणसाला विचारला. एकोणीस वर्षांच्या मुलानें मैदानावर जाऊन बसणें यांत लढाईविषयींची बेपर्वाई नव्हती. राज्यांत सभा बंद, भाषण बंद, वर्तमानपत्रांवर नजर; अशा ठिकाणाहून आलेल्या मुलाला हजारों माणसें एका जागीं मोकळेपणानें ओरडतांना प्रथमच दिसत होतीं. हें त्याला स्वतःला त्या वेळीं सांगतां आलें नसेल.

त्या हंगामांत पुढें पुण्यासच उत्तर हिंदुस्थानाविरुद्ध महाराष्ट्रानें ७९८ धांवा केल्या आणि अंतिम सामन्यांत मद्रासला जाऊन मद्रासचा सहा गडी राखून पराभव केला. करंडक लागोपाठ दुसऱ्यांदा पुण्यास आला. मामा त्या वर्षींच्या परीक्षेंत नापास झाले. दोन्ही बातम्या घरीं पाठोपाठ आल्या, आणि आजोबांनीं ‘पुण्याचें पुण्य’ या रकान्याखालीं बेरीज करून लाल रेघ ओढली.

येथें थोडा आमच्या बाजूचाही उल्लेख करावा. निजामाच्या राज्यांतील शाळांत क्रिकेटपेक्षां फुटबॉलचें प्रस्थ अधिक, आणि त्याचें कारण साधें होतें. फुटबॉलला एक चेंडू पुरतो व बावीस मुलें खेळतात. माझे वडील शाळेच्या संघांत अनवाणीच खेळले, आणि पायाला लागलें तर हळद आमच्या गांवांत शोधावी लागत नसे. हैदराबादेंत सय्यद अब्दुल रहीम या नांवाचे शाळामास्तर होते. उस्मानियांत शिकत असतांना ते महाविद्यालयाच्या खेळाडूंच्या संघांतून खेळले. १९४३ सालीं ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले. पुढें त्यांनीं घडविलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघानें १९५० ते १९५४ असा सलग पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स करंडक नेला, आणि त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं भारतानें १९५१ व १९६२ या दोन्ही आशियाई स्पर्धांत फुटबॉलचें सुवर्णपदक मिळविलें. पुण्यास संस्कृताचा प्राध्यापक, हैदराबादेंत शाळेचा मास्तर. लढाईच्या त्याच वर्षांत हीं दोन माणसें आपापल्या जागीं मुलें घडवीत होतीं. आमच्या धंद्याविषयीं चार चांगलीं वाक्यें बोलण्याची संधी मास्तराला क्वचितच मिळते, म्हणून हें विषयांतर केलें.

महाराष्ट्राचें वैभव मात्र टिकलें नाहीं, आणि तें कां टिकलें नाहीं हें समजून घेण्यासारखें आहे. पुण्याच्या संघामागें ना संस्थानिक, ना गिरणीमालक. खेळाडूला धांवा करून पोट भरतां येत नसे. त्याला नोकरी लागे. ती देण्याची ऐपत बडोद्याला व इंदूरला होती. हजारे बडोद्यास गेले आणि १९४२-४३ सालीं बडोद्यानें हैदराबादला हरवून करंडक जिंकला. आमच्या घरांत त्या सामन्याच्या वेळीं मोठा पेंच पडला असावा, कारण राज्य हैदराबादचें आणि जीव हजाऱ्यांवर. चंदू सरवटेही पुढें होळकरांच्या संघांत गेले. पुण्याचें हें घर असें हळूहळू मोकळें झालें. १९४३ च्या डिसेंबरांत पंचरंगीच्या अंतिम सामन्यांत हिंदूंकडून विजय मर्चंटांनीं नाबाद २५० केल्या, तेव्हां फॉलोऑन मिळालेल्या ‘अवशिष्टां’च्या ३८७ धांवांत एकट्या हजाऱ्यांच्या ३०९ होत्या. त्यांचे बंधु विवेक यांनीं दुसऱ्या बाजूला उभें राहून त्यांना साथ दिली. दोघांनीं मिळून ३०० धांवा जोडल्या, त्यांत विवेक यांच्या २१. याला चार आठवडे होतात न होतात तों मर्चंटांनीं महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ केल्या आणि मुंबईचा डाव ७३५ पर्यंत गेला. पुण्याच्या पंचवीस धांवांचा मुंबईनें असा सव्याज वचपा काढला.

त्याच वर्षीं बंगालमध्यें लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. हें वाक्य येथेंच ठेवणें मला भाग आहे. वहींत हीं दोन्ही गोष्टी नाहींत, कारण तोंपर्यंत मामा पुण्यास राहिले नव्हते.

नापास झाल्यावर एक वर्ष त्यांनीं घरीं काढलें. १९४२ च्या जूनमध्यें आजोबांनीं स्वतःहून पुन्हां पैसे दिले. ऑगस्टच्या ९ तारखेस देशांत वणवा पेटला. महात्माजींना पुण्यांतच आगाखान महालांत स्थानबद्ध केलें. महाविद्यालयें ओस पडलीं. मामा बाहेर पडले ते वर्गांत परत गेले नाहींत. पुढें स्टेट काँग्रेसचें काम, दोनदां तुरुंग, आणि १९४७-४८ सालीं वऱ्हाडच्या सरहद्दीवरील कॅंपांत मुक्काम. आजोबांनीं यावर एक शब्दही बोलून दाखविला नाहीं. रझाकारांच्या दिवसांत घरांची झडती होई, तेव्हां मामांचे सारे कागद आजीनें चुलींत घातले. ही वही मात्र तिनें हळदीच्या पोत्यांत, तळाशीं, खुपसून ठेविली. तिला अक्षरओळख नव्हती. वहींत आकडे आहेत, म्हणजे घेण्यादेण्याचा हिशेब असेल, आणि हिशेब जाळूं नये, असें तिला वाटलें. १९४८ च्या सप्टेंबरांत पांच दिवसांची पोलीस कारवाई झाली, निजामाचें राज्य संपलें, मामा घरीं आले आणि पोतें उपसून वही काढली.

देवधर मात्र खेळतच होते. १९४४-४५ च्या हंगामांत नवानगरविरुद्ध त्यांनीं एका सामन्याच्या दोन्ही डावांत शतकें केलीं, १०५ आणि १४१. त्या वेळीं पन्नाशी उलटून दोन-तीन वर्षें झालीं होतीं. त्यांच्या कन्या तारा, सुंदर आणि सुमन याच दशकांत बॅडमिंटनमध्यें देशभर गाजल्या. खेळाचें वेड मुलींना लागूं देणारा आणि त्या वेडाला घरांतून पाठबळ देणारा संस्कृताचा प्राध्यापक त्या काळच्या पुण्यांत किती जणांच्या डोळ्यांवर आला असेल, याची कल्पना करावी. त्यांच्या नांवाचा देवधर करंडक १९७३-७४ पासून सुरू झाला. १९९१ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें, आणि २४ ऑगस्ट १९९३ रोजीं, वयाच्या एकशें दुसऱ्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. महाराष्ट्राच्या संघानें १९७०-७१, १९९२-९३ व २०१३-१४ या हंगामांत अंतिम सामना गांठला, पण करंडक त्या दोन वर्षांनंतर पुन्हां हातीं आला नाहीं.

माझी स्वतःची एक कबुली बाकी आहे. १९८५ सालच्या आरंभीं हैदराबादच्या महंमद अझरुद्दीन यांनीं पहिल्या तीन कसोटी सामन्यांत तीन शतकें केलीं. तिसऱ्या वेळीं माझ्या वर्गांतील एका मुलानें दप्तरांत ट्रान्झिस्टर आणला होता. मीं तो जप्त केला, मुलाला ‘आई-बाप कशासाठीं पाठवितात’ हें आजोबांच्या शब्दांत ऐकविलें, आणि मधल्या सुट्टींत तोच ट्रान्झिस्टर कचेरींत कानाशीं लावून बसलों. मुलानें खिडकींतून पाहिलें. तो कांहीं बोलला नाहीं. फक्त ‘गुरुजी, किती झाल्या?’ एवढेंच त्यानें विचारलें. मीं धावसंख्या सांगितली. ट्रान्झिस्टर संध्याकाळीं परत केला. मामांना हें सांगितलें तेव्हां ते खूप हंसले, आणि दुसऱ्या दिवशीं हीच वही त्यांनीं माझ्या स्वाधीन केली.

आतां वहीविषयीं शेवटचें. मास्तरकीच्या संवयीमुळें मीं तिच्यांतील साऱ्या बेरजा तपासून पाहिल्या आहेत. महाराष्ट्राच्या ६७५ बरोबर जुळतात. मुंबईचा डाव मात्र मामांच्या मांडणीप्रमाणें ६४९ भरतो. पुस्तकांत सर्वत्र ६५० आहेत, आणि तेंच खरें. मामांच्या हातून कोठें तरी एक धांव लिहावयाची राहिली; बहुधा जेथें अक्षर बिघडलें आहे त्या पानावर. त्यांच्या हयातींत मीं त्यांना विचारलें होतें. त्यांनीं चष्मा लावून पान दोनदां खालींवर पाहिलें आणि म्हणाले, ‘तेव्हां मी उभा राहिलों होतों, लिहीत नव्हतों.’